सरपणासाठी चेनसॉ आणि चेन कशी निवडावी

दुकानात जायच्या आधी आपल्याला कापायचं लाकूड नीट बघून घ्या. मराठवाड्यात सरपण म्हणजे बाभूळ, येडी बाभूळ, सुबाभूळ, लिंब, बोर, आणि कधीमधी वाऱ्यावादळात उन्मळून पडलेलं चिंचेचं नाहीतर आंब्याचं झाड. यातलं बरंचसं लाकूड मुळात कठीण, त्यात उन्हाळ्यात वाळून खडखडीत झालेलं. सालीच्या भेगांमध्ये काळी माती बसलेली. इथे चेनसॉची निवड या दोनच गोष्टींवर ठरते: वाळलेलं कठीण लाकूड आणि माती. थंड प्रदेशातल्या ओल्या, मऊ लाकडावर मशीन सरसर चालताना व्हिडिओत दिसते. ते बघून घेतलेली मशीन आणि चेन आपल्या बाभळीवर दहा मिनिटांत बसते.

नवीन माणूस सगळ्यात आधी सीसी विचारतो. पण लाकूड कापते ती चेन. बोथट चेन लावलेली ५५ सीसीची मशीन धारदार चेनच्या ३५ सीसीच्या मशीनमागे राहते, शिवाय पेट्रोल जास्त पिते आणि पट्टी (जिच्या कडेवरून चेन फिरते ती) तापवते ते वेगळंच. म्हणून सगळं बजेट मशीनवर संपवू नका. दोन जादा चेन, योग्य मापाच्या दोन-तीन गोल कानशी, एक सपाट कानस आणि चेन ऑइल, एवढ्याचे पैसे आधी बाजूला काढा. उरलेल्या पैशात जी मशीन बसेल ती आपली.

लाकडाची जाडी, मग पट्टीची लांबी

सुतळीने ओंडक्याचा घेर मोजा आणि ढोबळमानाने तीनने भागा, म्हणजे जाडी निघते. घेर चार फूट असला तर जाडी साधारण १५-१६ इंच. सरपणातला बहुतेक माल चार ते बारा इंचांच्या आत असतो. गोदावरी, दुधना, मांजरा यांच्या काठच्या येडी बाभळीचे फोक तर मनगटापासून मांडीएवढेच.

अशा मालाला १६ इंची पट्टी पुरते. एखादा बुंधा त्याहून जाड निघाला तर दोन्ही बाजूंनी काप घेऊन तो तोडता येतो. येडी बाभळीत १६ इंचीचा आणखी एक फायदा आहे: काट्यात फार न वाकता बुडाशी हात पोचतो, आणि पट्टीचं टोकही नजरेसमोर राहतं.

दुकानदार २२ इंची पट्टीची मशीन पुढे करतात, कारण ती दिसायला दणकट आणि भाव कमी. नवख्याने ती घेऊ नये. लांब पट्टीचं टोक पलीकडे मातीत घुसतं आणि एका क्षणात सगळ्या दातांची धार जाते. २२ इंची पट्टीवर चेनला साधारण ८६ खालचे (पट्टीच्या खाचेत बसणारे) दुवे, म्हणजे ४३ कापणारे दात. १६ इंचीवर तेच ३२-३३. दर वेळी धार लावताना हा फरक हाताला कळतो. स्वस्त मशीनचा तेलपंप इतक्या लांब पट्टीला पुरेसं तेलही देत नाही, त्यामुळे टोकाकडची चेन कोरडी घासत राहते. घरात २२ इंची मशीन आधीच असेल तर तिच्यावर त्याच मापाच्या खाचेची १८ इंची पट्टी आणि चेन बसवून घ्या. तीच मशीन वेगळी वाटेल.

मशीन कोणती

बॅटरीवरची चार ते सहा इंची छोटी करवत डाळिंब, मोसंबीच्या छाटणीला आणि मनगटाएवढ्या फांद्यांना ठीक. ओंडक्याला लावू नका. मोटर तापून बंद पडते.

विजेवरची १८०० ते २४०० वॅटची, १६ इंची मशीन घराच्या अंगणात सरपण कापणाऱ्यासाठी चांगली. आवाज कमी, पेट्रोल-ऑइलची कटकट नाही, वजन बेताचं. पण २००० वॅटची मशीन साधारण ९ अँपिअर ओढते. ती पंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला लावायची नाही, १६ अँपिअरचं सॉकेट हवं. वाढीव वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या आणि ती तीस मीटरपेक्षा लांब नको. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मोटर जोर लावते आणि कॉइल जळते. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, त्या वेळी मशीन चालवूच नये. शेतात, लाइनच्या भरवशावर ही मशीन घेऊन उपयोग नाही.

पेट्रोलमध्ये तीन गट धरा. ३० ते ३५ सीसी, १४ इंची पट्टी: घरच्या चुलीपुरतं आणि पाण्याच्या बंबापुरतं सरपण, आठ इंचांपर्यंतचा माल. ४० ते ४६ सीसी, १६ इंची पट्टी: शेतकऱ्यासाठी सगळ्यात सोयीची जागा ही. वजन साडेचार ते पाच किलोच्या आसपास, आणि वाळलेली बाभूळ दमाने कापते. ५० ते ५५ सीसी, १८ इंची पट्टी: आचाऱ्यांना, गुऱ्हाळाला, वीटभट्टीला माल पुरवणाऱ्यांसाठी. दिवसभर हातात धरायची सवय नसेल तर हिचं वजन दुपारपर्यंत खांद्यात उतरतं, आणि दमलेला हात म्हणजे अपघात.

डब्यावरच्या सीसीच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बऱ्याच स्वस्त मशीनवर ५८ लिहिलेलं असतं. सिलिंडरचा व्यास ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ३४ मिलिमीटर असेल तर हिशोब साडेचोपन्न सीसीचा येतो. त्यापेक्षा माहितीपत्रकात किलोवॅट किती लिहिलेत ते बघा. दीड ते सव्वादोन किलोवॅट सरपणाला पुरे. आणि विचारा: या मशीनचा कार्बोरेटर, क्लच, स्टार्टरची दोरी आणि तेलपंप याच गावात, निदान तालुक्याला मिळतो का? उत्तर गोलमोल आलं तर पुढच्या दुकानात जा. नामांकित कंपनीची मशीन महाग पडते, पण तिचे पार्ट पाच-सात वर्षांनीही मिळतात.

दुकानातच चेन ब्रेक तपासा. पुढच्या मुठीसमोरची पंजासारखी ढाल पुढे ढकलली की चेन जागेवर थांबली पाहिजे. मशीन रिकामी, मंद गतीवर चालू असताना चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलिंग जास्त आहे किंवा क्लच खराब आहे.

चेनची तीन मापं

चेन मागताना नुसतं '१६ इंची द्या' म्हणू नका. तीन आकडे लागतात, आणि ते बहुतेक पट्टीच्या मुळाशी कोरलेले असतात.

पहिला आकडा पिचचा. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजून निम्मं करा, ते पिच. तीन रिव्हेटांत १६.५ मिलिमीटर भरले तर ०.३२५ इंच पिच, १९ मिलिमीटर भरले तर ३/८. छोट्या मशीनना ३/८ लो-प्रोफाइल, मधल्यांना बहुधा ०.३२५, मोठ्यांना ३/८ रेग्युलर. लो-प्रोफाइल आणि रेग्युलर यांचं पिच कागदावर एकच असलं तरी एकीच्या जागी दुसरी लावायची नाही. दुवे वेगळ्या घडणीचे असतात, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) खराब होतं.

दुसरा गेज, म्हणजे पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी: १.१, १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. जाड दुवा खाचेत शिरतच नाही. पातळ शिरतो, पण डुलत राहतो आणि काप वाकडा जातो.

तिसरा आकडा खालच्या दुव्यांचा. जुनी चेन जमिनीवर पसरून मोजा, एका दुव्याला खडूची खूण करून सुरुवात करा म्हणजे गोंधळ होत नाही. एक-दोन दुव्यांचा फरक पडला तरी चेन बसत नाही. एवढ्या चुकीसाठी तालुक्याला दोन हेलपाटे घालणारी माणसं कमी नाहीत, म्हणून जुनी चेन सोबतच न्या.

दाताचा आकार: इथेच खरी निवड

चेन हातात घ्या आणि दात समोरून बघा. वरची पाती आणि बाजूची पाती जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात टोकदार असेल तर ती फुल चिझल. तोच कोपरा किंचित गोलसर असेल तर सेमी चिझल.

फुल चिझल स्वच्छ, ओल्या लाकडात जोरात पळते. पण तिचं सगळं काम त्या एका टोकावर चालतं. मातीचा कण, वाळूचा खडा, वाळलेल्या चिंचेचा गाभा, यातलं काहीही लागलं की ते टोक झिजतं आणि चेन एकदम बसते. सेमी चिझलचा गोल कोपरा कापायला थोडा मंद, पण झीज सगळ्या कडेवर वाटली जाते, म्हणून धार जास्त वेळ टिकते. हाताने धार लावतानाही तिच्यात चूक कमी होते. मराठवाड्यातल्या सरपणाला सेमी चिझलच घ्यावी, यात आमच्या मनात काही शंका नाही. फुल चिझल दुसरी चेन म्हणून ठेवा, ताज्या तोडलेल्या सुबाभळीला आणि निलगिरीला.

नवख्याने पाकिटावर 'लो किकबॅक' लिहिलेली, दातांमध्ये जादा उंच दुवा असलेली चेन घेतली तर उत्तम. उसळी, म्हणजे मशीन एकदम तोंडाकडे उडणं, कमी होते. दात विरळ असलेली 'स्किप' चेन २४ इंचांच्या पुढच्या पट्ट्यांसाठी असते, तिच्या वाटेला जाऊ नका. कार्बाइडची चेन माती-खिळ्यांत टिकते, पण महाग पडते आणि तिला साध्या कानशीने धार लागत नाही, हिऱ्याचं चाक लागतं. घरच्या सरपणाला तिची गरज नाही.

रस्त्याकडेचा आणि वाड्याजवळचा लिंब कापताना मात्र कोणतीच चेन वाचत नाही. त्यात पाट्यांचे खिळे, तारेचे तुकडे, जनावरं बांधायच्या कड्या सालीखाली गाडल्या गेलेल्या असतात. बांधावरच्या बाभळीत काटेरी तार खोडाने गिळलेली सापडते. लाकडावर निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा आणि तिथून वीतभर बाजूला काप घ्या.

पेट्रोल, ऑइल आणि पट्टीचं तेल

टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. मशीनच्या पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजे झाकणाने ओतू नका, मेडिकलमधून मोठी सिरिंज आणा. ऑइल कमी पडलं तर पिस्टनला ओरखडे पडतात आणि इंजिन जाम होतं. जास्त झालं तर धूर, काळा प्लग आणि चोंदलेला सायलेन्सर.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि रबरी नळ्या, डायफ्रॅम खराब करतं. म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच मिश्रण करा. काम संपल्यावर टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. पावसाळ्यात ठेवून दिलेली मशीन दिवाळीनंतर चालू होत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

पट्टीच्या तेलाच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतायची सवय आपल्याकडे फार आहे. त्यात धातूचा बारीक चुरा असतो. तो पंप आणि पट्टीची खाच दोन्ही खातो. चेन ऑइल मिळत नसेल तर नवीन २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालतं. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना पातळ तेल गळून जातं, तेव्हा थोडं जाड तेल वापरा. पेट्रोल भरलं की तेलही भरायचं, ही सवय ठेवा. काम सुरू करण्याआधी पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यावर वीतभर अंतरावरून धरून रेस द्या. पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे. उठली नाही तर पट्टीवरचं तेलाचं छिद्र भुश्शाने बुजलंय.

चेन चढवणं आणि ताण

दाताची धार पट्टीच्या वरच्या बाजूला टोकाकडे तोंड करून हवी. उलटी चढलेली चेन कापत नाही, नुसती धूर करते. ताण देताना पट्टीचं टोक हाताने वर उचलून धरा आणि तसंच धरून नट आवळा. खाली चेन लोंबकळता कामा नये. मधोमध वर ओढली तर दुवे खाचेतून अर्धे वर यावेत, पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि हातमोजा घालून ओढल्यावर चेन सहज फिरावी.

नवीन चेन रात्रभर तेलात बुडवून ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं हलक्या रेसवर चालवा आणि मग पुन्हा ताण बघा. पहिल्या अर्ध्या तासात ती हमखास सैल होते. गरम असताना आवळलेली चेन काम थांबल्यावर पुन्हा सैल करा, नाहीतर थंड होऊन आकसते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ बसते.

धार

धार गेली हे ओळखायला तीन खुणा पुरेत. ढलप्यांऐवजी पिठासारखा भुस्सा पडतो. मशीन आपणहून लाकडात उतरत नाही, दाबावी लागते. आणि दात उन्हात धरला की टोकाच्या कडेवर पांढरी रेघ चमकते. धार असलेली कड चमकत नाही, काळी दिसते.

कानशीचं माप पिचवर ठरतं: ३/८ लो-प्रोफाइलला ४.० मिलिमीटर, ०.३२५ ला ४.८, ३/८ रेग्युलरला ५.२ किंवा ५.५. चुकीच्या मापाची कानस दात खालून पोखरते नाहीतर धार वरच उडवते. पट्टी ओंडक्यात अडकवून घट्ट बसवा, चेन ब्रेक लावा. कानस आडवी, दाताला ३० अंशांत, आतून बाहेर एकाच दिशेने ढकला. परत आणताना उचलून आणा. वाळलेल्या बाभळीसाठी कोन २५ अंशांवर आणला तर धार जास्त टिकते. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन वळवून दुसऱ्या बाजूचे. प्रत्येकाला मोजून तेवढेच घास, सहसा तीन-चार. सगळ्यात झिजलेला दात हुडकून बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड राहिले तर काप एका अंगाला वळत जातो.

दर टाकीला दोन-तीन घास मारणं हे दर दोन दिवसांनी वीस घास मारण्यापेक्षा कधीही बरं. चेनही जास्त दिवस जाते.

दातापुढचा बुटका उंचवटा म्हणजे रेकर. दात लाकडात किती खोल शिरेल ते हा ठरवतो. दात झिजून खाली येतो पण रेकर तिथेच राहतो, मग धार असूनही चेन कापत नाही. तीन-चार वेळा धार लावल्यावर रेकरचं गेज ठेवून सपाट कानशीने तो उतरवा: दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली. कठीण वाळक्या लाकडाला अर्धा मिलिमीटरही चालतो. गेज न लावता डोळ्याने उतरवू नका. जास्त उतरला तर चेन लाकडाला हिसका देते आणि उसळी बसते.

कापताना

पायात बूट, डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे, हातमोजे. येडी बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो, जाड तळाचा बूटच हवा. धोतराचा सोगा, गळ्यातला रुमाल, सैल शर्ट, पदर यातलं काहीही चेनजवळ नको. मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या मुठीत बुटाचा पुढचा भाग रोवून, चेन ब्रेक लावून चालू करा. हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढायची नाही.

पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की मशीन तोंडाकडे उसळते. तो भाग कशालाही लागू देऊ नका, मागे दुसरा ओंडका आहे का हेही बघा. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून वळवून घ्या आणि स्वतः पट्टीच्या रेषेच्या किंचित डावीकडे उभे राहा. रेस पूर्ण देऊन मगच लाकडाला टेकवा.

ओंडका दोन्ही टोकांना टेकलेला आणि मधे अधांतरी असेल तर आधी वरून एक तृतीयांश काप, मग खालून. एक टोक हवेत असेल तर उलट: आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. हा क्रम चुकला की पट्टी चिमटीत सापडते. सापडलीच तर मशीन बंद करा आणि कापात पाचर ठोका, हिसके देऊ नका. जमिनीवर पडलेल्या लांब ओंडक्याला ओळीने वरून तीन चतुर्थांश काप घ्या, मग ओंडका लोळवून उरलेले पूर्ण करा. चेन मातीला लागतच नाही. त्याहून सोयीचं म्हणजे दोन फुल्या जोडून लाकडाची घोडी करून घ्या.

चुलीसाठी फूट-सव्वा फुटाचे तुकडे करा. उभं फाडायचं काम चेनसॉचं नव्हे, ते कुऱ्हाड, पाचर आणि घणाचं. आणि जमेल तर लाकूड ओलं असतानाच आखूड कापून ठेवा. मार्गशीर्ष-पौषात कापून रचलेला माल मृगाच्या आत वाळतो, चेनही निम्मीच झिजते.

उभं झाड पाडणं नवख्याने करू नये, विशेषतः एकमेकांत गुंतलेल्या बाभळी. आधी पडलेल्या आणि छाटलेल्या लाकडावर हात बसू द्या. आणि झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी आंबा, चिंच, साग, मोह, चंदन, खैर, जांभूळ अशा झाडांना १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याने परवानगी लागते. शहरी हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे.

एप्रिल-मे महिन्यात वाळल्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकवून मशीन ठेवली की आग लागते. मोकळ्या मातीवर ठेवा, पाण्याची घागर जवळ असू द्या. पेट्रोल भरलं त्या जागेपासून दहा पावलं लांब जाऊन मशीन चालू करा. संध्याकाळी एअर फिल्टर झटका, सिलिंडरच्या पंखांतला भुस्सा ब्रशने काढा, पट्टीची खाच पातळ पत्र्याने खरवडा आणि पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. दोन-तीन चेन संपल्या की स्प्रॉकेटही बदला. त्याच्या दातांत खोल घळ पडली असेल तर तो नवी चेन पंधरा दिवसांत जुनी करतो.